चौसष्ट किलोसाठी रॉड

८ फेब्रुवारी, रविवार

शोधपथकाचे साहेब काल जाताना म्हणाले, आठवतंय ते सगळं क्रमाने लिहून ठेवा, जबाब देताना गोंधळ होत नाही. म्हणून ही वही. दुकानातलीच आहे, मागची पानं कोरी होती. मला लिहायची सवय नाही. मी काटे दुरुस्त करतो. वाण्याचा, भंगारवाल्याचा, दवाखान्यातला, कुठलाही काटा आणा. बापाने शिकवलं, आम्ही दोघं भाऊ तेच करत आलो.

तर क्रमाने.

सोमवारी, २ तारखेला, धान्यवाल्याचा मोठा काटा परत आला. माझ्या धाकट्या भावाने, बारक्याने, दुरुस्त करून दिला होता. पन्नास किलोला दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. धान्यवाला चारचौघांत मला बोलला, मी बारक्याला बोललो. तू दुकानात नसलास तरच दुकान बरं चालेल, असं म्हणालो. यात नवीन काही नाही, असं मी त्याला वीस वर्षांत शंभरदा म्हटलं असेल. तो हसून म्हणायचा, दादा, तुझा काटा एकदा चढला की शून्यावर येतच नाही. या वेळी नुसते हात पुसले आणि घरी गेला.

मंगळवार, बुधवार दुकानात आला नाही. म्हटलं, रुसला, रुसू दे. पण घरी बसून नळाचा वायसर बदलला, आईच्या खिडकीची कडी बसवली, हिच्या इस्त्रीची वायर लावली. वर्षभर 'करतो, करतो' म्हणून रखडवलेली सगळी कामं दोन दिवसांत उरकली. मी हिला म्हणालोसुद्धा, दुकानात अंधार आणि घरात उजेड, अशातली गत आहे याची. बुधवारी चारच्या सुमाराला तो रॉड आणि पिशवी घेऊन जुन्या खाणीवर गेला. मासे धरायचा नाद होता त्याला. तो परत आला नाही.

गुरुवारी सकाळी खाणीच्या राखणदाराला उताराच्या काठावर रॉड आणि पिशवी दिसली. मग पथक, बोट, दोरीला बांधलेले आकडे, एक पाणबुड्या. तीन दिवस. खाण पन्नास-साठ फूट खोल आहे, पाणी काळं. काल त्यांनी गुंडाळलं. पोलीस म्हणतात, मोठा माणूस आहे, कशावरून पाण्यात गेला, गेला असेल कुठे तरी, वाट बघा.

मला विचाराल तर सरळ आहे. गळ खाली दगडात अडकला, हा सोडवायला उतरला, पाय घसरला. पोहता येत नव्हतं. एक गळ हरवला तरी मी बोलायचो, म्हणून उतरला असणार. काय त्या चार आण्याच्या गळाचं.

आई आज सकाळी मला म्हणाली, "तो पाण्यात असेल तर मला त्याला तिथे राहू द्यायचं नाही. कसाही असो, मला आणून दे." आई ऐंशीला आली. ती रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

डोक्यात एक आलं. पथकाने बोटीतून आकडा सोडला आणि ओढत नेला. तेच काठावरून करता येईल. मोठा रॉड, मोठं रील, टोकाला आकडा. बारक्याचा रॉड म्हणजे दात कोरायची काडी, त्याने वीतभर मासे निघायचे. बाहेरचा पाणबुड्या विचारून पाहिला, त्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून मी फोन ठेवला.

बाजाराच्या टोकाला गळांचं दुकान आहे. बारक्या तिथूनच घ्यायचा. दुकानदार म्हातारा आहे, चष्म्याला दोरी बांधलेली. म्हटलं, मोठ्या माशासाठी रॉड आणि रीलची जोडी दाखवा, स्वस्तात स्वस्त. त्याने विचारलं, किती मोठा? मी म्हणालो, चौसष्ट किलो.

माझ्या तोंडातून नेमका आकडाच गेला. दर वर्षी जानेवारीत आम्ही दुकानातला उभं राहायचा काटा तपासतो. आधी वजनं ठेवून, मग गंमत म्हणून दोघं आळीपाळीने वर चढून. यंदा मी एक्क्याऐंशी भरलो आणि बारक्या चौसष्ट. गेल्या वर्षीपेक्षा चार किलो उतरला होता. मी म्हटलं होतं, बरंय, तेवढंच आईचं धान्य वाचलं.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग आतून एक रॉड काढला, मुसळासारखा, त्यावर लहान डब्याएवढं रील. किंमत ऐकून मी तो अलगद जागेवर ठेवला. मग त्याने तयार जोड्या दाखवल्या. स्वस्तातली एक बोटावर तोलून पाहिली. सगळा भार मागे, रील लोखंडी आणि रॉड बोटाएवढा. नाकापेक्षा मोती जड, मी म्हणालो. तो म्हणाला, मोठ्या माशाचं वजन बघायचं नसतं, जोर बघायचा असतो. तो लढतो किती, पळतो किती, त्यावर रॉड ठरतो.

"हा लढणार नाही," मी म्हणालो.

त्यावर तो चष्मा काढून पुसत बसला. मला एकदम तिथे उभं राहवेना. उद्या येतो म्हणून निघालो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

परत गेलो. म्हाताऱ्याने मला बघून अर्धं शटर खाली ओढलं आणि स्टूल दिलं. म्हणाला, खाणीवरचा तुमचा कोण? मी म्हणालो, भाऊ. त्याला बारक्या माहीत होता. दर पंधरा दिवसांनी यायचा, घ्यायचा थोडं आणि बोलायचा फार. गेल्या दोन महिन्यांत फिरकलाच नाही, म्हणाला. हे मला नवीन होतं. घरून तर रॉड घेऊन निघायचा.

मग तो म्हणाला, "चौसष्ट किलोचा रॉड तुम्हाला नको. माणूस पाण्यात दोन-तीन किलोच भरतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगड पाण्यात हलका होतो हे बापाने मला आठव्या वर्षी दाखवलं होतं, बादली आणि काटा घेऊन. आयुष्य वजनांत गेलं आणि भावाचं वजन मी कोरड्या जमिनीवरचं धरून निघालो. म्हातारा म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका. तीस वर्षांत माझ्याकडे असे तिघं आले. तिघंही माशाचं नाव करून आले, तिघांनीही आधी जाडजूडच मागितला.

मग त्याने नीट निवडून दिलं. रॉड दहा फुटी, भरीव फायबरग्लासचा. जड आहे, दिसायला भिकार, पण दगडावर आपटला तरी मोडत नाही. ग्रॅफाइटचा हलका असतो आणि महाग, खाणीच्या कडेवर एकदा घासला की गेला. रील मधल्या मापाचं, आतली चाकं धातूची. कंजुषी रॉडमध्ये करा, रीलमध्ये नको, तो म्हणाला. दोरा विणलेला. तंगूस, म्हणजे नायलॉनचा, नको, कारण तंगूस ताणतो आणि खाली काय लागलं ते हाताला कळत नाही. ही जोडी माझ्या खिशात बसली. त्या मुसळाच्या पावपट.

शेवटी त्याने तीन तोंडांचा मोठा गळ काढला, पकडीत धरला आणि कानस घेऊन तिन्ही टोकं बोथट करत बसला. म्हणाला, कपड्यात अडकायला एवढं पुरे, उगाच लागायला नको. त्या गळाचे पैसे घेतले नाहीत. मी भांडकुदळ माणूस, माझ्यासाठी कोणी असं काही केलं की मला काय म्हणायचं ते समजत नाही.

निघताना तो म्हणाला, एरवी चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस आपोआप वर येतो. आज सहावा. मी म्हणालो, पाणी गार आहे, खाली गाळ आहे. तो म्हणाला, असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दुकान उघडून रील बसवलं. त्याच्या डोक्यावर एक चकती असते, म्हातारा तिला ब्रेक म्हणतो. ती जितकी आवळाल तितका जोर रील धरून ठेवतं. त्याहून जास्त ओढ आली की स्वतःच दोरा सोडून देतं, म्हणजे तुटत नाही. तो म्हणाला होता, अंदाजाने आवळा. अंदाज. मी स्प्रिंगचा काटा खिळ्याला टांगला, दोरा त्याला बांधला आणि एकेका किलोला चकती कुठे येते ते पाहून लाल रंगाची रेघ मारली. तीन, चार, पाच, असं दहापर्यंत. दोन-तीन किलोचं काम, म्हणून ब्रेक पाचवर ठेवला. तासभर त्यात कसा गेला कळलं नाही. उठलो तेव्हा लक्षात आलं, मी तोंडाने शीळ घालत होतो. लाज वाटली.

पुढे मात्र डोकं फिरलं. वीस तारखेला वजनमापाचे साहेब तपासणीला येणार म्हणून वजनांची पेटी उघडली. दोन किलोची लोखंडी वजनं दहा पाहिजेत. सहाच. चार गायब. आमच्या दुकानाचा ठसा आहे त्यांवर, बाहेर कुठे सापडली तर मलाच जाब. गेल्या आठवड्यात भंगारवाला येऊन गेला होता. सरळ त्याच्या वखारीत गेलो आणि त्याच्या माणसांसमोर त्याची खरडपट्टी काढली. तो पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. चोर तो चोर, वर शिरजोर. घरातलं माणूस बुडालंय आणि लोकांना आठ किलो लोखंड सुचतं.

आईने विचारलं, त्या सोमवारी त्याला काय बोललास? मी म्हणालो, रोजचंच. ती म्हणाली, रोजचं म्हणजे काय? मी जेवणावरून उठलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज खाणीवर पहिला दिवस. उताराच्या काठावरून, जिथे रॉड सापडला तिथून. पहिले दहा वेळा आकडा माझ्याच पायाशी पडला. राखणदार लांबून बघत होता. शेवटी आला आणि कसं फेकायचं ते दाखवलं: बोटाने दोरा धरायचा आणि रॉड डोक्यावर आला की सोडायचा. दुपारपर्यंत तीसेक फूट जायला लागला. मग खाली जाऊ द्यायचा, तळ लागला की हळू हळू ओढायचा. एक फांदी निघाली, एक पोतं निघालं, सायकलची चेन निघाली.

पोलिसांनी बारक्याचा रॉड परत दिलाय. दोरा सगळा गुंडाळलेला आणि गळ मुठीजवळच्या छोट्या रिंगेत नीट अडकवलेला. पथकातल्या कोणीतरी गुंडाळला असणार. राखणदाराला विचारलं, तो म्हणाला, मला सापडला तेव्हाही असाच होता. या लोकांना नक्की काही आठवत नसतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. खांदा उचलत नाही. ही म्हणाली, दुकान बंद आहे, गिऱ्हाईक परत जातंय, दोन दिवस केलंत, पुरे. मी म्हणालो, तुझा भाऊ असता तर? ती म्हणाली, तोही माझ्या हातचं वीस वर्षं जेवला. मी माफी मागायला हवी होती, मागितली नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

उताराच्या काठावरून पोचतं तेवढं सगळं पाणी झालं. दुपारी राखणदार डबा खायला बसला असताना म्हणाला, दादा, एक सांगू का, वरच्या कड्यावर चपला आहेत, तुमच्या भावाच्या असतील तर बघा. मला कालच दिसल्या.

वरचा कडा म्हणजे समोरची बाजू, जिथून दगड कापायचे. सरळ तुटलेला, तीन माणसं उंच, आणि खाली सगळ्यात खोल पाणी. गेलो. झुडपामागे चपला. बारक्याच्याच, डाव्या अंगठ्याला तार बांधलेली, ती तार मीच बांधून दिली होती. एकीशेजारी एक ठेवलेल्या, घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवतात तशा.

मी म्हणालो, कुत्र्याने ओढून आणल्या असणार. राखणदार म्हणाला, "कुत्रं चप्पल नेतं, दादा. जोडून ठेवत नाही."

मी त्याला नाही नाही ते बोललो. तुला काय कळतं, तू दगडं राखतोस, असंही म्हणालो. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेला. त्या माणसाने मला रॉड फेकायला शिकवला होता.

चपला घरी नेल्या नाहीत. दुकानात टेबलाखाली ठेवल्या. उद्या वरून टाकून बघणार आहे. त्याचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. एक जागा राहून गेली असं नंतर वाटायला नको.

१५ फेब्रुवारी, रविवार

सापडला.

क्रमाने लिहितो.

आठ वाजता कड्यावर होतो. चपला होत्या तिथेच उभा राहिलो. फेकायची गरजच नव्हती, आकडा नुसता खाली सोडला. दोरा किती तरी वेळ जात राहिला. तळ लागला. थोडा उचलला, थोडा बाजूला नेला, परत सोडला. तिसऱ्या खेपेला काहीतरी लागलं. दगड लागला की हाताला टक् असं कळतं. हे तसं नव्हतं. मऊ होतं, आणि सोडत नव्हतं.

रॉड वर उचलला. रीलने दोरा सोडला. ब्रेक पाचवर होता. म्हणजे पाचाहून जास्त. मी सहाची रेघ आणली, हळू उचललं, दोरा सुटला. सात. सुटला. आठ, तरी सुटला. नऊवर धरलं. नऊवर ते तळापासून सुटलं आणि तसंच लोंबकळत राहिलं.

मी नऊची रेघ बघत उभा होतो. म्हातारा दोन-तीन म्हणाला होता. दोन धरले तर वरचे सात कशाचे? गाळ धरला तर गाळ असा भरत नाही. आठ किलो लोखंड पाण्यात सात भरतं. हे मला कोणी सांगायला नको. हे मी झोपेतही सांगेन.

म्हणजे तो वर यायच्या आधी मला कळलं होतं. हातातल्या रॉडने मला सांगितलं, तोळामासा न चुकता.

कड्यावरून वर घेणं शक्य नव्हतं. रॉड धरून कडेकडेने चालत उताराच्या काठाकडे निघालो, एकेक पाऊल. शंभर पावलं असतील, अर्धा तास लागला. रॉड पेलवेनासा झाला तेव्हा मागून कोणीतरी माझा पट्टा धरला. राखणदार होता. मी पडू नये म्हणून पट्टा धरून माझ्यामागे चालत राहिला. काल मी त्याला काय काय बोललो होतो.

काठाला आला. आकडा कोटाच्या कॉलरमध्ये अडकला होता, कुठेही लागलं नव्हतं. चेहऱ्याबद्दल लिहिणार नाही. अंगात कामाचा कोट होता, निळा, चार मोठ्या खिशांचा, आणि चारही खिशांची बटणं लावलेली. बटणं मी उघडली. प्रत्येकात एकेक. दोन किलो, आमच्या दुकानाचा ठसा.

मी राखणदाराकडे बघितलं. तो वळून पाठमोरा उभा राहिला. मी चारही वजनं एकेक करून खोल पाण्यात फेकली आणि खिशांची बटणं परत लावली. मग पोलिसांना फोन केला.

गळ अडकला नव्हता. पाय घसरला नव्हता. मी म्हणालो, तू नसलास तर बरं चालेल, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. दोन महिने तो वाळत होता, रॉड घेऊन निघत होता आणि मासे धरत नव्हता, आणि मी त्याला काट्यावर उभा करून हसलो. माझ्या डोळ्यांदेखत वजन उतरत होतं, मला दिसला नुसता आकडा. माझा भाऊ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून मरत होता आणि मी दोनशे ग्रॅमवरून त्याला बोललो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दवाखाना, कागद, सह्या. जबाब दिला: गळ अडकला, सोडवायला उतरला, पाय घसरला. हवालदाराने विचारलं, मग चपला? म्हणालो, काठावर होत्या, मी उचलून आणल्या. त्याने लिहून घेतलं. राखणदाराचाही जबाब झाला. त्यानेही तेच सांगितलं, मी न सांगता.

आईला मीच सांगितलं. ती म्हणाली, आणलास ना? म्हणालो, आणला. तिने माझा हात हातात घेतला आणि मग रडली. मीही.

दुपारी सगळं उरकलं. गळांच्या दुकानातला म्हातारा आला होता, मागेच उभा राहून गेला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भंगारवाल्याकडे गेलो, त्याच्या माणसांसमोरच हात जोडले. त्याने विचारलं, सापडली का वजनं? म्हणालो, नाही, पण तू घेतली नव्हतीस. तो म्हणाला, सापडली नाहीत तर तुम्हाला कसं कळलं? त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोराला पाणी आणायला सांगितलं. वजनमापाच्या साहेबांना वजनं हरवली म्हणून अर्ज देईन, दंड होईल तो भरेन.

राखणदाराला रॉड आणि रील देऊन टाकायला गेलो होतो. त्याने घेतलं नाही. म्हणाला, मी इथले मासे खात नाही आता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काल संध्याकाळी पोलिसांनी कपड्यांची पिशवी दिली. मला ती वाटेतच टाकून द्यायची होती. हिने म्हटलंही, घरी नेऊ नका. पण आई दारातच बसली होती, तिने हात पुढे केला.

आज सकाळी उठून बघतो तर तिने कोट धुऊन वाळत घातला होता. तिच्याने बादली उचलवत नाही, कसा धुतला कोण जाणे. दुपारी वाळल्यावर तो मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली. मी दुकानातून जेवायला आलो होतो. मला म्हणाली, सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही.

मी जवळ गेलो. चारही खिशांचे वरचे कोपरे उसवलेले होते, भार पडून उसवतात तसे. आणि प्रत्येक खिशावर गंजाचा एक गोल डाग, चारही एकाच मापाचे. घासून घासून तिथलं कापड विरलं होतं, पण डाग गेले नव्हते. पन्नास वर्षं ती काटेवाल्याची बायको आणि काटेवाल्यांची आई आहे. दोन किलोच्या वजनाचा घेर तिला माहीत नसेल असं कसं म्हणू?

मी दोरा ओवून दिला. तीनदा नेम चुकला. ती वाट बघत बसली. मग एकेक कोपरा शिवायला लागली, दुहेरी टाका घालून. तीन खिसे झाले. मी उभाच होतो.

चौथ्याला सुरुवात करताना म्हणाली, "गळ सोडवायला उतरला होता, हो ना?"

"हो."

"मग हेच. कोणी कितीही खोदून विचारलं तरी हेच. मी गेल्यावरसुद्धा."

मी हो म्हटलं. मला वाटलं, आता ती मला विचारेल, सोमवारी काय बोललास. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, शब्द जिभेवर आणून उभा होतो. तिने विचारलं नाही. दोरा दाताने तोडला, कोट झटकला आणि माझ्यापुढे धरला.

"कापड चांगलं आहे, टाकायचा नाही. आजपासून दुकानात तू घाल."

मी बाह्यांत हात घातले. तिने उठून पुढची बटणं लावली, मग चारही खिशांची लावली आणि खांद्यावरची सुरकुती हाताने सरळ केली. म्हणाली, जा, गिऱ्हाईक खोळंबलं असेल.

कोट मला खांद्यात घट्ट होतो. तो घालून दुकानात आलो, धान्यवाल्याचा काटा उघडला आणि दोनशे ग्रॅम कुठे चुकतात ते शोधायला बसलो.